चित्रांची पुस्तके मुलांस कशी वाचून दाखवावीत?

लहान मुलांस चित्रांचे पुस्तक वाचून दाखविणे हे काम वरवर पाहता इतके सोपे वाटते की, त्याची काही रीत असेल अशी शंकाही पुष्कळांस येत नाही. ज्यास वाचता येते त्याने वाचावे, ज्यांस येत नाही त्यांनी ऐकावे. यात शिकण्यासारखे ते काय? आमचीही समजूत अनेक वर्षे अशीच होती. ती चुकीची आहे हे आम्हांस कोणा पंडिताने नव्हे, तर कसाऱ्याजवळच्या एका पाड्यावरील सहासात वर्षांच्या मुलीने शिकविले.

पावसाळ्याच्या तोंडी आम्ही काही विद्यार्थ्यांसह त्या पाड्यावर गेलो होतो. एका घराच्या पडवीत दहाबारा मुले जमली. आम्ही पुस्तक काढले आणि स्पष्ट उच्चार करीत, योग्य तेथे आवाज चढवीत उतरवीत, ते शेवटपर्यंत वाचले. मुले मुकाट्याने बसली होती. ही शांतता म्हणजे एकाग्रताच होय, असे समजून आम्ही मनातल्या मनात खूषही झालो. मग गोष्ट कशाची होती असे विचारले, तेव्हा एकानेही तोंड उघडले नाही. आम्ही पुस्तक मिटणार इतक्यात त्या मुलीने एका पानावर बोट ठेवून म्हटले, “पाऊस येनार हाय.”

गोष्टीत पावसाचे नावही नव्हते. आम्ही पान निरखून पाहिले. चित्राच्या खालच्या कोपऱ्यात तोंडात अंडी धरून चाललेल्या मुंग्यांची एक बारीक रांग चित्रकाराने काढली होती. ते पुस्तक आम्ही अनेकदा वाचलेले होते. त्या मुंग्या मात्र आम्हांस कधी दिसल्या नव्हत्या. यानंतर मुलांची तोंडे जी उघडली ती अंधार पडेपर्यंत मिटली नाहीत. कोणी वारुळाविषयी बोलला, कोणी ओढ्यातील खेकड्यांविषयी, कोणी गळणाऱ्या छपराविषयी. ज्यांस आम्ही काही वेळापूर्वी मंद समजलो, तीच ही मुले!

या प्रसंगाचा आम्ही पुष्कळ विचार केला. चित्रांच्या पुस्तकात दोन मजकूर असतात, एक अक्षरांचा व दुसरा चित्रांचा. अक्षरांचा मजकूर मोठ्या माणसास वाचता येतो. चित्रांचा मजकूर मूल आपण होऊन वाचू शकते, आणि पुष्कळदा मोठ्यांहून अधिक बारकाईने वाचते. आम्ही आपलाच मजकूर वाचला व मुलांस त्यांचा वाचू दिला नाही, ही आमची चूक.

चित्रांवरून शिकविण्याची कल्पना नवी नाही. कोमेनियस नावाच्या मोरावियन धर्मोपदेशकाने 1658 साली न्यूरेंबर्ग येथे मुलांसाठी एक सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात चित्रातील प्रत्येक वस्तूस आकडा देऊन तोच आकडा मजकुरातील शब्दास दिला होता, व अक्षरओळख पशुपक्ष्यांच्या आवाजांवरून करून दिली होती. परंतु इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. आपल्याच कोकणात, कुडाळजवळच्या पिंगुळी गावी, ठाकर समाजातील चित्रकथी रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे एकामागून एक लोकांपुढे धरून वाद्यांच्या साथीवर कथा सांगत आले आहेत. त्यांच्या चित्रसंचास ‘पोथी’ असेच म्हणतात. ही परंपरा जतन करणारे परशुराम गंगावणे यांस 2021 साली पद्मश्री मिळाली. चित्र दाखवून कथा सांगणे ही आपल्या मातीतील जुनी विद्या आहे.

आता रीत सांगतो.

पहिली गोष्ट, पुस्तक मुलांच्या बाजूस करून धरावे आणि आरंभी अक्षरास हातच लावू नये. पाने सावकाश उलटावीत व मुलांस पोटभर पाहू द्यावे.

दुसरी गोष्ट, प्रश्न विचारावा, पण तो परीक्षकाचा नसावा. “हे काय आहे?” असे विचारल्यास एका शब्दाचे उत्तर येते व संभाषण तेथेच खुंटते. “येथे काय चालले आहे?”, “आता पुढे काय होईल?” असे विचारावे, आणि मग थांबावे. मनात दहा अंक मोजावेत. शिक्षकास हे थांबणेच सर्वांत कठीण जाते, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

तिसरी गोष्ट, मुलाचे वाक्य उचलून त्यात थोडी भर घालावी. मूल म्हणाले, “कोंबडी पळाली,” तर आपण म्हणावे, “होय, मुंगूस आले म्हणून कोंबडी पळाली.” मुलाने घरचा शब्द वापरल्यास दटावू नये. “होय, ही नागलीच, पुस्तकात तिला नाचणी म्हटले आहे,” असे सांगितले की घरचा शब्द लाजत नाही व पुस्तकातला परका राहत नाही. ज्या मुलाची बोली शाळेच्या भाषेहून निराळी आहे, त्याचे तोंड पहिल्याच दिवशी मिटले तर पुढे ते उघडण्यास वर्षे लागतात.

चौथी गोष्ट, तेच पुस्तक पुन्हा मागितल्यास कंटाळू नये. दुसऱ्या वाचनात मूल पहिल्याहून अधिक बोलते.

या रीतीचा पडताळाही पाहिला गेला आहे. अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट व त्यांचे सहकारी यांनी 1988 साली दोनतीन वर्षांच्या मुलांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही आईबापांस प्रश्न विचारणे, थांबणे व भर घालणे शिकविले. इतरांनी आपल्या नेहमीच्या पद्धतीने वाचले. अवघ्या महिन्याभरात पहिल्या आईबापांची मुले बोलण्यात दुसऱ्यांच्या कित्येक महिने पुढे गेली.

कसाऱ्याच्या वाचकांस हे एका दृष्टान्ताने चटकन समजेल. थळ घाटात दर 37 फुटांस 1 फूट असा चढ आहे. म्हणून अनेक गाड्यांस कसाऱ्यास मागून जादा इंजिने जोडतात व इगतपुरीस ती सोडवून घेतात. वाचून दाखविणाराचे काम या मागच्या इंजिनाचे आहे. पुढे मुलाने असावे. आपण मागून रेटा द्यावा, आणि चढ संपताच बाजूस व्हावे.

येथून एक महत्त्वाची गोष्ट निघते. ज्या आईस अक्षर येत नाही, तीसुद्धा चित्रांचे पुस्तक मुलास वाचून दाखवू शकते. मुंग्या, पाऊस, कोंबडी, शेत हे सर्व ती जाणते. मात्र “मला काय कळते?” असे म्हणून ती पुस्तक दूर सारते, कारण पुस्तक तिचे नव्हे असे आपण शिकलेल्यांनीच तिला भासविले आहे.

असो. आमच्या विद्यार्थ्यांस एक विनंती करून हा लेख पुरा करतो. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर गेलेली कुटुंबे पावसापूर्वी पाड्यांवर परततात, आणि त्याच सुमारास तुम्हीही उन्हाळ्याच्या सुटीत घरी असता. माधुरी पुरंदरे यांच्यासारख्या लेखिकेची सुंदर सचित्र पुस्तके मराठीत आहेत. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संग्रहातील पुस्तके 2015 पासून विनामूल्यही मिळतात. एखादे घरी न्या. धाकट्या भावंडांस मध्ये बसवा, आईस शेजारी बोलवा, चित्र उघडा आणि दहा अंक मोजा. मग घरात कोण बोलू लागते ते पाहा, व शाळा उघडल्यावर आम्हांस येऊन सांगा.