कॉलर आणि टोपलीतली टोपी

बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी मी अकोल्याला माहेरी होते. जेवणं आटोपली होती, पानदान फिरत होतं, आणि पुण्याला नोकरी करणारा माझा भाचा आपली फजिती रंगवून सांगत होता. त्याच्या कंपनीने परदेशी पाहुण्यांसाठी गोल्फ खेळण्याचा बेत ठरवला होता. दिवस जुम्याचा. हा नमाज पढून तसाच कुर्ता-पायजम्यात गेला. दारातच त्याला थांबवलं. कुर्त्याला कॉलर नाही, पायजमा चालत नाही, पायात सँडल आहेत. शेवटी क्लबच्याच दुकानातून अठराशे रुपयांचा कॉलरवाला टी-शर्ट घेतला, एका सहकाऱ्याच्या गाडीत पडलेली पँट चढवली आणि साहेब मैदानात उतरले. चेंडूला पहिले तीन फटके लागलेच नाहीत, छडी नुसती हवेत फिरली.

आम्ही सगळे हसलो. भाईजान हसले नाहीत. चाळीस वर्षं जुन्या शहरात शिवणकाम केलेला माणूस. उठून मशीनवरचं एक अर्धवट शर्ट घेऊन आले, कॉलर बोटांनी दाबून दाखवली आणि म्हणाले, "ही काय आहे? दोन बोटं कपडा आणि आत बक्रम. याने चेंडू लांब जातो काय?"

मला उत्तर सुचलं नाही. पण अमरावतीला परतल्यावरही तो प्रश्न डोक्यातून जाईना, कारण नेमक्या त्याच आठवड्यात आमच्या घरात दुसऱ्या एका कपड्यावरून वाद पेटला होता. तो पुढे सांगते.

गोल्फ हा तसा साधा खेळ. लहानसा चेंडू छडीने मारत मारत दूरच्या भोकात घालायचा, अशी 18 भोकं. चार-पाच तास उन्हात चालणं. अकोल्याच्या मे महिन्यात, 45 अंशांत, हे करायचं म्हटलं तर सुती कुर्त्यासारखा कपडा नाही. खेळाच्या नियमांत कॉलर हवी असं कुठेही लिहिलेलं नाही. ते ज्याचा त्याचा क्लब ठरवतो. इंग्लंड-स्कॉटलंडच्या जुन्या क्लबांत खेळाडू लाल कोट घालत. तेव्हा गोल्फ मोकळ्या सार्वजनिक माळावर चाले, लोक गुरं घेऊन मधूनच जात, आणि लाल रंग दुरून दिसला की चेंडूपासून जपायला हवं हे त्यांना कळे. म्हणजे त्या कोटाला काम होतं. पुढे माळाला कुंपणं पडली, ते काम संपलं, आणि कोट मागे राहिला तो रुबाबापुरता. बुटांचंही तसंच, पण उलट दिशेने. पूर्वी गोल्फच्या बुटांना लोखंडी खिळे असत, त्यांनी भोकाजवळचं बारीक गवत उखडे, म्हणून बहुतेक मैदानांनी ते बंद करून मऊ खिळ्यांचे बूट घालायला लावले. या नियमावर कोणाचा रुसवा असेल असं मला वाटत नाही. गवत ना श्रीमंताचं ऐकतं ना गरिबाचं.

कॉलरचं मात्र कारण सापडत नाही. ज्यांनी हा नियम जपला तेच आता सैल होत आहेत. अमेरिकेच्या पीजीए टूरने 2019 मध्ये सरावाच्या वेळी अर्ध्या चड्डीला परवानगी दिली. सौदी पैशावर उभ्या राहिलेल्या लिव्ह स्पर्धेने 2022 मध्ये थेट सामन्यातच दिली. चेंडू पूर्वी जिथे पडत होता तिथेच पडतो आहे.

मग नियम कोणासाठी? आपल्या महाराष्ट्रातलीच एक गोष्ट जुन्या वाचकांना आठवत असेल. मुंबईचा विलिंग्डन स्पोर्ट्स क्लब 1918 साली गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या पुढाकाराने निघाला. गोऱ्यांच्या क्लबांत हिंदी माणसाला पाऊल ठेवता येत नसे, तेव्हा दोघांना एकत्र बसता-खेळता यावं म्हणून हा काढला. तिथे गोल्फचं मैदानही आहे. याच क्लबात 1988 साली मकबूल फिदा हुसेन यांना प्रवेश नाकारला गेला, कारण ते अनवाणी होते. पंढरपुरात 1915 साली जन्मलेला हा चित्रकार. कवी गजानन माधव मुक्तिबोध 1964 मध्ये गेले, त्यांच्या अंत्ययात्रेपासून आपण चप्पल सोडली, असं हुसेन सांगत. मुक्तिबोध लिहीत हिंदीत, पण घर मराठी. एका मराठी घरातल्या कवीसाठी सोडलेली चप्पल, आणि तिच्यापायी मुंबईत बंद झालेलं दार! ज्या क्लबाचा पायाच "सगळ्यांना आत घ्या" असा, त्याने माणूस सोडून पाय पाहिले.

दिल्ली गोल्फ क्लबातली 2017 मधली गोष्ट याहून बोचरी आहे. जेवणाच्या निमंत्रणावरून आलेली मेघालयची एक खासी बाई आपल्या पारंपरिक जैनसेममध्ये टेबलावर बसली होती. कर्मचाऱ्यांनी तिला उठायला सांगितलं. हे मोलकरणीचे कपडे दिसतात, असं त्यांचं म्हणणं होतं. देशभर ओरड झाली, तेव्हा प्रकरण नीट हाताळलं गेलं नाही असं क्लबाने मान्य केलं. त्या मैदानाची जमीन सरकारकडून भाडेपट्ट्याने घेतलेली आहे, म्हणजे तुमची-आमची आहे. आणि दिल्लीच्या याच गोल्फच्या दुनियेत दुसऱ्यांच्या छड्यांची थैली खांद्यावर वाहणारा कॅडी अली शेर वाढला. 1991 मध्ये त्याने इंडियन ओपन जिंकली. ही स्पर्धा जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू. 1993 मध्ये त्याने ती पुन्हा जिंकली. खेळ कपड्याच्या बळावर येत असता तर तो थैली वाहणाऱ्याला आधी यायला नको होता.

इथे आमच्या ह्यांनी मला अडवलं. हे निवृत्त शिक्षक, प्रत्येक गोष्टीची दुसरी बाजू काढल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. म्हणाले, "क्लबवाल्यांना बोलतेस, पण मशिदीत कोणी अर्ध्या चड्डीत नमाजला आला तर आपण गप्प बसतो काय? अदब म्हणून काही असतंच ना!"

खरं आहे. अदब असतो. मी दोन दिवस विचार केला आणि मग मला मशिदीच्या दारातली टोपली आठवली. आपल्याकडच्या बहुतेक मशिदींत ती असते. वेताच्या किंवा प्लास्टिकच्या जाळीदार टोप्या भरलेली. डोकं उघडं घेऊन आलेला मुसाफिर, कामावरून धावत आलेला पोरगा, कोणीही त्यातली एक उचलतो, नमाज पढतो, परत ठेवतो. कित्येक ठिकाणी खुंटीवर एखादी लुंगीही असते. नियम आहे, पण तो पाळायचं साधनही दारातच फुकट ठेवलेलं आहे, कारण माणूस आत यावा अशी इच्छा आहे. भाच्याच्या क्लबात हेच साधन अठराशे रुपयांना होतं. मी ह्यांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "टोपी मळकी असते मात्र." तेही खरं. धुवायला हव्यात.

खेळाच्या पोशाखाला नियमच नको असं मी म्हणत नाही. अमरावतीत राहणारी बाई तसं म्हणूच शकत नाही. 1914 सालचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आमच्या गावचं. 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी इथल्या मंडळींनी तिकडे जाऊन आपले देशी खेळ दाखवले. एरंडेल चोळलेल्या मल्लखांबावर पायजमा घालून चढता येत नाही. कातडीची पकड लागते, म्हणून लंगोट. तो खेळाने मागितलेला कपडा आहे.

आता आमच्या घरातला वाद. माझ्या जावेची मुलगी चौदा वर्षांची, 400 मीटर धावते. शाळेच्या संघात नाव आलं. पोशाख सांगितला गेला, बिनबाह्यांचं बनियन आणि अर्धी चड्डी. जाऊबाईंनी त्याच संध्याकाळी निकाल दिला, "नाव काढून टाका." पोरगी जेवली नाही. आजी म्हणाली, घरात राहील तर इज्जतीत राहील. मोठा भाऊ काहीच बोलला नाही, पण तो स्वतः रोज संध्याकाळी मांडीपर्यंतच्या चड्डीत फुटबॉल खेळायला जातो. मी त्याच्याकडे पाहिलं. पुरुषाची सतर नाभीपासून गुडघ्यापर्यंत, हे आपण लहानपणी शिकलो. मोहल्ल्यात पोरांच्या गुडघ्यावरून कधी पंचायत बसलेली मला आठवत नाही. हयेचा सगळा हिशोब पोरींच्याच वहीत का लिहिला जातो, हे कधीतरी बसून बोलायला हवं.

जगभर या प्रश्नावर बरंच पाणी वाहून गेलं आहे, आणि आमच्या घरात त्याचा पत्ता नव्हता. 2011 मध्ये इराणच्या महिला फुटबॉल संघाला ऑलिंपिक पात्रतेच्या सामन्यात अम्मानला डोक्यावरच्या रुमालामुळे खेळू दिलं नाही. गळ्याला फास बसेल, ही धास्ती सांगितली जात होती. धास्ती खोटी म्हणता येणार नाही. पण त्यावर उपाय शिंप्याकडे होता. ओढ बसताच चटकन सुटून येणारा, व्हेल्क्रोने जोडलेला रुमाल तयार झाला. 2012 पासून फिफाने तो आजमावून पाहिला आणि 2014 मध्ये रीतसर परवानगी दिली. बास्केटबॉलने 2017 मध्ये दिली, हौशी बॉक्सिंगने 2019 मध्ये. आमचं अकोला तर बॉक्सिंगचंच गाव, तिथल्या मुलींच्या आयांनी हे लक्षात ठेवावं. याउलट 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये यजमान फ्रान्सने आपल्याच मुलींना रुमाल बांधायला मनाई केली. सुनकांबा सिला ही त्यांची धावपटू उद्घाटनाला टोपी घालून आली, तेव्हा कुठे निभावलं.

आणि हेही याच जागी लिहिते, कारण ते टाळलं तर बाकीचं सगळं लटकं पडेल. पुण्याची बुद्धिबळपटू सौम्या स्वामिनाथन 2018 मध्ये इराणच्या हमदान इथली आशियाई सांघिक स्पर्धा सोडून बसली, कारण तिथे प्रत्येक बाईला डोकं झाकणं सक्तीचं होतं. पटावरच्या प्याद्याला रुमालाने काय फरक पडतो? फ्रान्समध्ये आपल्या मुलीचा रुमाल जबरीने काढला तर आपल्याला लागतं. मग सौम्यावर तो जबरीने घातला जाणार होता, तिलाही तसंच लागलं असेल. 2021 मध्ये नॉर्वेच्या बीच हँडबॉलच्या मुलींना दंड झाला, तो बिकिनीऐवजी चड्डी घातली म्हणून! कमी घाल, जास्त घाल, हुकूम देणारे दोन्हीकडे सापडतात.

पोरीकडे वळते. रुकाया अल गसरा ही बहरीनची धावपटू. 2006 मध्ये दोहाच्या आशियाई स्पर्धेत पूर्ण अंग आणि डोकं झाकून ती 200 मीटर धावली आणि सुवर्णपदक घेऊन गेली. धावण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांत पोशाखाबद्दल मागणी मोजकीच आहे. कपडे स्वच्छ असावेत, आक्षेपार्ह नसावेत, आणि भिजले तरी आरपार दिसू नयेत. चड्डी किती लांब, याचा उल्लेख नाही. भिजल्यावर आरपार दिसू नये! माझ्या सासूबाईंनी हे ऐकलं आणि म्हणाल्या, "हे तर मीच लिहिल्यासारखं आहे."

मग मी आणि जाऊबाई शाळेत गेलो. जाऊबाई पहिल्यांदाच क्रीडाशिक्षकांसमोर बसल्या होत्या, पदर सारखा सावरत. मी विचारलं, "सर, पूर्ण बाह्या, लांब पँट आणि घट्ट रुमाल चालेल काय?" भांडणाची पूर्ण तयारी करून गेले होते मी. सर म्हणाले, "चालते की ताई. रंग शाळेचा ठेवा आणि छातीवरचा नंबर झाकू देऊ नका, बस." मी म्हटलं, मग पोशाखात चड्डी का लिहिली? ते म्हणाले, "दरवर्षी तेच लिहून येते. कोणी विचारलंच नाही आजपर्यंत."

बाहेर आल्यावर जाऊबाई बराच वेळ बोलल्या नाहीत. रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, मागच्या वर्षी शेजारच्या दोघींची नावं काढली होती.

भाईजानना फोन केला. कपडा त्यांनीच निवडला, घाम शोषणारा, ताणला तरी पाय न आवळणारा. रुमालाला मानेमागे व्हेल्क्रो लावलं, ओढून ओढून चारदा तपासलं. त्यातच भाच्यासाठीही एक वस्तू शिवून पाठवली. बक्रम घातलेली नुसती कॉलर, आतून तीन टिचबटणं, कोणत्याही कुर्त्याला लावता-काढता येणारी. सोबत चिठ्ठी होती, "अठराशे रुपये वाचव." भाचा म्हणतो, ती आता त्याच्या ऑफिसच्या टेबलावर ठेवलेली असते. गोल्फला पुन्हा गेलेला नाही.

शर्यत येत्या शनिवारी आहे. नंबर लावायला चार सेफ्टी पिना लागतात, त्या जाऊबाईंनी आजच आणून ठेवल्या.