रानाच्या शेजारी घर – भाग ९ : पाठलागाची चटक

शेतावरच्या कुत्र्याने ससा धरला की आपल्याकडे दोन उपाय हमखास सांगितले जातात. पोटभर खाऊ घाला, मग जाणार नाही. नाहीतर चांगलं बदडा, मग पुन्हा जाणार नाही. वर्धा जिल्ह्यात आर्वीपासून हिंगणघाटापर्यंत कुठेही विचारा, याच दोनपैकी एक उत्तर मिळेल. दोन्ही उपाय करून थकलेली माणसंही तेवढीच भेटतील. दुपारी भाकर-दूध चापून गोठ्यात पसरलेलं कुत्रं संध्याकाळी तुरीतून रोही (नीलगाय) निघाला की सुटतंच. काल मार खाल्लेलंही सुटतं.

याचं कारण असं की पाठलागाचा भुकेशी संबंध फार थोडा आणि रागाशी तर त्याहून थोडा. याक पँकसेप या शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या भावनांवर अनेक वर्षं काम केलं. मेंदूत शोधायला, हुंगायला, पुढे धावायला लावणारी एक यंत्रणा असते आणि ती रागाच्या यंत्रणेपासून वेगळी असते, असं त्याने दाखवलं. शिकारी धावेतल्या कुत्र्याचा चेहरा कधी नीट पाहिला असेल, तर हे वेगळं सांगायला नको. दारावरच्या अनोळखी माणसावर भुंकताना कुत्रं दात दाखवतं, गुरगुरतं. सशामागे धावताना ते बहुधा गुरगुरत नाही. डोळे लकाकतात, सगळं अंग एका रेषेत येतं. त्या क्षणी ते मजेत असतं. धावणं हीच त्याची मजुरी. ससा हाती लागला तर तो वरचा इनाम. म्हणून हाती काहीच न लागलेला पाठलागही त्याच्या हिशेबी वाया जात नाही आणि दर पाठलागागणिक चटक वाढत जाते.

रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर या दांपत्याने या वागण्याच्या पायऱ्या मांडल्या आहेत: हेरणं, नजर रोखणं, दबा धरून पुढे सरकणं, पाठलाग, पकड, मारणं, फाडणं, खाणं. लांडग्यात ही साखळी अखंड असते. माणसाने कुत्र्यांच्या जाती घडवताना तिच्यातल्या कड्या हव्या तशा घट्ट-सैल केल्या. मेंढ्या वळणाऱ्या कुत्र्यात नजर आणि पाठलाग वाढवला, पुढचं दाबलं. लॅब्रेडॉरने पाडलेला पक्षी तोंडात धरून आणायचा, पण दात रुतवायचे नाहीत. आपल्या लातूरकडचं कारवानी किंवा सीमेपलीकडचं मुधोळ हे नजरेने शिकार करणारं कुत्रं. लांबवर काही हललं की आधी धाव, विचार नंतर. आपल्या गावराण कुत्र्यावर अशी कारागिरी कोणी केली नाही. त्याच्यात सगळ्या कड्या थोड्याफार शाबूत आहेत आणि म्हणून एक गावराण नुसता बघतो, दुसरा धावतो, तिसरा मारून धुऱ्यावर आणून ठेवतो. (वर्धा शहरातल्या कॉलन्यांत हल्ली हस्कीही दिसतो. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात त्याच्या शिकारीपेक्षा त्याच्या जिवाची काळजी आधी करावी, एवढंच म्हणतो.)

इथपर्यंतचं जगातल्या कुठल्याही कुत्र्याला लागू आहे. आपल्या जिल्ह्याची गोष्ट इथून पुढे अवघड होते, कारण आपण कुत्रं पाळतोच मुळात पाठलागासाठी.

रोही आणि रानडुकरं यांनी विदर्भातल्या शेतकऱ्याची झोप उडवली आहे, यात अतिशयोक्ती नाही. सोयाबीन उगवलं की रोही, हरभरा घाट्यावर आला की डुकरं. रात्री जागलीला जाणारा माणूस बॅटरी, काठी आणि कुत्रं घेऊन जातो. कुत्र्याने डुकरांच्या कळपाला वावराबाहेर पिटाळलं की त्याची पाठ थोपटली जाते. तेच कुत्रं दुसऱ्या दिवशी चितळाच्या पाडसामागे किंवा घोरपडीमागे गेलं की शिव्या खातं. त्याने कायदा वाचलेला नाही. कोणता प्राणी पिटाळायचा आणि कोणत्याला हात लावायचा नाही, हा फरक आपण त्याला कधी शिकवलेलाच नसतो, आणि खरं सांगायचं तर तो शिकवता येईल असंही मला वाटत नाही.

शिकवता येतं ते वेगळंच. शेतकऱ्याला कुत्र्याकडून खरोखर हवं काय असतं? चाहूल आणि आवाज. म्हणजे साखळीतली पहिली कडी आणि वर भुंकणं. पुढची धाव त्याला नको असते, ती फुकट गळ्यात पडते. माचाणाजवळ लांब दोरीला असलेलं, भुंकून जागं करणारं कुत्रं राखणीचं काम पुरतं करतं. प्रकाश आणि हाकारा माणसाने द्यावा. मोकळं कुत्रं डुकरांना तुमच्या वावरातून काढून शेजाऱ्याच्या वावरात घालतं आणि तिथून पुढे कुठे जातं, ते सकाळी कळतं.

कधी कळतही नाही. रानडुकराचा सुळा कुत्र्याचं पोट उभं चिरतो आणि पिलावळ सोबत असलेली मादी माघार घेत नाही. अस्वलामागे गेलेलं कुत्रं घाबरलं की धन्याकडेच पळत येतं आणि अस्वलाला मागोमाग आणतं. बिबट्याच्या बाबतीत तर शिकारी कोण, हाच प्रश्न आहे. तेव्हाच्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात अकोले इथल्या शेतवस्तीत विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचा आहार तपासला, तेव्हा खाल्लेल्या वजनातला ८७ टक्के वाटा पाळीव किंवा गावातल्या प्राण्यांचा निघाला, आणि एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. शिवाय आपल्याकडे कुंपणात सोडलेली वीज आहे. ब्रह्मपुरीत पकडून बोरच्या जंगलात सोडलेली वाघीण २०१७ च्या ऑक्टोबरात याच जिल्ह्यात शेताच्या कुंपणातल्या विजेने मेली. जी तार वाघाला सोडत नाही, ती कुत्र्याला काय सोडणार.

आता दुसरी बाजू. ‘आमच्या कुत्र्याने काही केलं नाही, नुसतं पळवलं,’ हे वाक्य फार ऐकू येतं. चितळ, रोह्याचं वासरू, ससा या प्राण्यांना नुसतं पळवणंही जिवावर बेतू शकतं. जिवाच्या आकांताने, त्यातही उन्हाळ्यात धावलेल्या हरणाचं अंग तापतं, स्नायूंच्या पेशी फुटू लागतात, त्यातली द्रव्यं रक्तात उतरून मूत्रपिंडं निकामी होतात. एकही दात न लागता प्राणी काही तासांनी किंवा काही दिवसांनी झुडपात मरतो. पशुवैद्यकात हा ओळखीचा आजार आहे. मार्च ते जून जंगली प्राणी उरल्यासुरल्या पाणवठ्यांना धरून असतात. तिथे रोज एक मोकळं कुत्रं फिरत असेल, तर ते कोणाला न चावताही प्राण्यांचं पाणी तोडतं. चंद्रिमा होम, यशवीर भटनागर आणि अबी वनक यांनी २०१८ मध्ये देशभरातल्या माहितीवरून केलेल्या पाहणीत कुत्र्यांनी ८० जातींच्या वन्यप्राण्यांवर हल्ले केल्याचं नोंदलं गेलं. त्यातल्या ३१ जाती धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत आहेत.

रोगाचा धोका याहून मोठा ठरू शकतो. १९९४ मध्ये सेरेंगेटीतल्या सिंहांपैकी सुमारे एक तृतीयांश कॅनाइन डिस्टेंपरने गेले. हा मुळात कुत्र्यांचा विषाणू. २०१८ मध्ये गीरमध्येही त्याने सिंह मारले. आपल्या बोर व्याघ्र प्रकल्पाचा गाभा जेमतेम १३८ चौरस किलोमीटरचा. १९७० चं अभयारण्य, २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालं. वाघ, बिबटे, रानकुत्री एवढ्याशा जागेत, आणि चारही बाजूंनी गावं. सेलू तालुक्यातल्या हिंगणीकडच्या गावांत किंवा कारंजा-आष्टीच्या डोंगराळ पट्ट्यात कुत्रं पाळत असाल, तर रेबीजच्या सुईबरोबर डिस्टेंपरची लसही द्या. ती पार्व्होच्या लसीसोबत एकाच सुईत मिळते.

मग करायचं काय? सगळ्यात आधी, सराव बंद. जुनी चटक मोडायची तर नवा पाठलाग घडता कामा नये. गळ्याच्या पट्ट्याऐवजी छातीचा पट्टा आणि आठ-दहा मीटरची दोरी. खाटेची नवार चांगली चालते, हाताला कापत नाही. दोरी हाताभोवती गुंडाळू मात्र नका. गळपट्ट्याला लांब दोरी लावली, तर पूर्ण वेगात बसणारा हिसका मानेवर आणि श्वासनलिकेवर जातो. पहाट आणि तिन्हीसांजा या वेळा विशेष सांभाळा. घरात दोन कुत्री असतील, तर दोन्ही एकदम मोकळी सोडू नका; एकटं असताना धुऱ्यावरून परतणारं कुत्रं जोडीदार मिळाला की नाल्यापार जातं. नसबंदीने भटकणं कमी होतं, शिकारीची ओढ कमी होत नाही. तो गैरसमज काढून टाकलेला बरा.

दुसरी गोष्ट वेळेची. कुत्रं धावू लागल्यावर हाका मारणं व्यर्थ. आपला आरडाओरडा त्याला सामील झाल्यासारखाही वाटत असावा. धावण्याआधी एक-दोन सेकंद मिळतात. कान उभे, शेपटी थिजलेली, पुढचा एक पाय उचललेला. तेव्हा नुसतं शांतपणे उभं राहा. दोरी ताणू नका, ओढू नका. ते बघतंय आणि धावत नाहीये, या क्षणाला ‘शाब्बास’ म्हणा आणि बघू द्या. हे ऐकून लोक बुचकळ्यात पडतात: बघू द्यायचं? हो. डेव्हिड प्रेमॅक या मानसशास्त्रज्ञाने दाखवलेलं तत्त्व आहे की प्राण्याला जे करायला अतिशय आवडतं, ते कमी आवडीच्या कामाचं बक्षीस म्हणून वापरता येतं. थांबणं हे कमी आवडीचं, बघणं अतिशय आवडीचं. थांबलास तर बघायला मिळेल. या सौद्यापुढे बिस्किट फिकं पडतं.

बघून झालं की पाठ फिरवून चालू लागा आणि उरलेली साखळी दुसरीकडे पुरी करू द्या. बांबूच्या काठीला दोरी, दोरीला जुनी चिंधी. ती जमिनीवरून वेडीवाकडी पळवा, मधेच थांबवा, कुत्र्याला थांबायला लावा, पुन्हा पळवा, शेवटी पकडू द्या, झटकू द्या, फाडू द्या. पाच मिनिटं पुरतात. गवतात भाकरीचे तुकडे उधळून हुंगून शोधायला लावणंही यातलंच. अर्धवट तापलेलं कुत्रं घरी नेऊन बांधलं, तर ते दोरी कुरतडणारच.

बोलावणं शिकवायला शिट्टी घ्या, कारण शिट्टीत आपला राग ऐकू येत नाही. अंगणात सुरुवात करा, मग वावरात, मग रानाच्या कडेला. शिट्टीवर आल्यावर दरवेळी उकडलेलं अंडं किंवा कलेजीचा तुकडा. शिळी पोळी नव्हे. आणि अर्ध्या तासाने जीभ लोंबत परत आलेल्या कुत्र्याला मारू नका. त्याच्या लेखी मार पाठलागाचा नसतो, परत येण्याचा असतो. पुढच्या वेळी ते उशिरा येतं. विजेचा झटका देणारे पट्टे ऑनलाइन मिळतात. मी ते कोणालाही सुचवत नाही. झटका बसतो त्या क्षणी कुत्र्यासमोर शेळी किंवा शेजारचं पोर असेल, तर वेदनेचा दोष ते त्यांच्यावर ठेवतं.

पिल्लू असेल तर काम सोपं आहे, पण अर्धंच. वयाच्या तीन ते बारा आठवड्यांत शेळ्या-कोंबड्यांत वाढलेलं पिल्लू त्यांना बहुधा घरचं मानतं. आर्वीकडच्या गवळ्यांच्या गवळाऊ जनावरांत अशी कुत्री निवांत हिंडतात. तेच कुत्रं पळणाऱ्या सशाला मात्र ही सवलत देत नाही. आणि काही कुत्री, हे सगळं नेटाने करूनही, रानाच्या कडेला कधीच मोकळी सोडण्याजोगी होत नाहीत. त्यांनी जन्मभर दोरीवर फिरावं. त्यात कमीपणा काही नाही.

गांधीजींनी सेवाग्रामला राहायला येण्याच्या दहा वर्षं आधी, १९२६ साली, ‘यंग इंडिया’त कुत्र्यांवर लेखांची मालिकाच लिहिली होती. अहमदाबादेत मोकाट कुत्री मारली गेली, त्यावरून उठलेल्या वादातून ती निघाली. त्यांचं म्हणणं अनेक भूतदयावाद्यांना झोंबलं: धन्याविना हिंडणारं कुत्रं ही समाजाची लाज आहे, आणि नुसता तुकडा टाकून जबाबदारी टाळणं म्हणजे दया नव्हे. रात्री कुत्रं मोकळं सोडून झोपणाऱ्या आपल्यासारख्यांना तो वाद आजही लागू पडतो.

कायद्याचं थोडक्यात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे केवळ मारणं नव्हे. कुत्र्यांकरवी पाठलाग, हाकणं, पकडणं आणि तसा प्रयत्न करणंही त्यात येतं. मोर आणि घोरपड तर पहिल्याच अनुसूचीत आहेत. पीक खाणाऱ्या रोही-डुकरांसाठी वन खात्याकडे तक्रार, परवानगी आणि भरपाई अशी वेगळी वाट आहे. ती रखडते हे मान्य, पण कुत्रं सोडणं हा तिचा आडमार्ग होऊ शकत नाही.

एवढं करूनही कुत्र्याने एखादा प्राणी धरलाच, तर आधी कुत्र्याला बांधा. जखमी प्राण्याला पाणी पाजू नका, कुरवाळू नका, अंधारात आणि शांततेत राहू द्या आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. (गांधीजींच्या लेखांचं साल लक्षात राहिलं, तर नंबरही राहील.) पिंपरी मेघेच्या करुणाश्रमातही जखमी वन्यप्राण्यांवर उपचार होतात. कुत्र्याच्या तोंडाला रक्त लागलं असेल, तर हातमोजे घालून धुवा आणि दुसऱ्या दिवशी पशुवैद्यांना दाखवा.

पुढच्या आठवड्यात: गोठ्यातली मांजर आणि वावरातले पक्षी.