एका दिवसाचे नागपूर

जामसांवली हे सौंसर तालुक्यातील गाव निद्रिस्त हनुमंताच्या मूर्तीमुळे दूरवर प्रसिद्ध आहे. मंगळवारी व शनिवारी नागपूरकडून येथे दर्शनार्थींची रीघ लागते, आणि आमच्या भागातील माणसे त्याच रस्त्याने उलट दिशेस, आपापल्या कामासाठी, नागपूरला जातात. अंतर सुमारे पासष्ट ते सत्तर किलोमीटर. सकाळी निघावे आणि रात्री घरी यावे, असा हा एका दिवसाचा प्रवास आहे. तो इतका नेहमीचा झाला आहे की त्याची आधी आखणी करावी असे सहसा कोणास सुचत नाही. परिणाम असा होतो की खर्च होतो, पाय दुखतात, आणि घरी परतल्यावर निम्मी कामे राहून गेल्याचे ध्यानात येते.

नागपूरशी आपला संबंध जुना आहे. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात हा प्रदेश होता, आणि पुढेही १९५६ पर्यंत आपली राजधानी नागपूरच होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला आणि आपली राजधानी भोपाळ झाली. राजधानी बदलली, तरी बाजार, औषधोपचार आणि सोयरीक यांची वाट मात्र बदलली नाही. म्हणूनच प्रवासाची पहिली पायरी अशी की, आपले काम खरोखर नागपूरचे आहे काय, हे पाहावे. जमिनीची नक्कल किंवा रहिवासाचा दाखला नागपुरात मिळावयाचा नाही. त्यासाठी सौंसरचे तहसील कार्यालय आहे, आणि २०२३ साली सौंसर व पांढुर्णा हे तालुके मिळून नवा जिल्हा झाल्यापासून जिल्ह्याचे ठिकाण पांढुर्णा आहे. आपले उच्च न्यायालयही जबलपूरचे.

आता दिवसाचा हिशेब करू. सकाळी सातला घर सोडले, तर वाहनाची वाट पाहणे धरून नऊ-साडेनऊपर्यंत आपण शहरात पोहोचतो. रात्री आठपर्यंत घरी यावयाचे, तर साडेपाचला शहर सोडले पाहिजे. हाती उरले आठ तास. जेवणाचा एक तास आणि शहरातल्या शहरात हिंडण्याचे दोन तास वजा केले, म्हणजे पाच तास राहतात. पाहण्याजोग्या ठिकाणी नीट पाहावयाचे तर दीड तास तरी मोडतो. म्हणजे एका दिवसात तीन ठिकाणे. त्याहून अधिक नाहीत. आपल्या घरी तयार होणाऱ्या यादीत मात्र बहुधा आठ-दहा नावे असतात! हा हिशेब नेहमी परतीच्या वेळेपासून मागे करीत यावा. शेवटची गाडी गृहीत न धरता तिच्या आधीची गाडी आपली समजावी, म्हणजे काही अडचण आली तरी रात्र स्थानकावर काढावी लागत नाही.

तीन ठिकाणे कोणती, हे मात्र शहरावर अवलंबून नाही. जाणाऱ्या माणसावर अवलंबून आहे.

विद्यार्थ्यांची सहल असेल तर एकमेकांजवळची ठिकाणे निवडावीत. १८६३ साली स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय, ज्यास लोक अजबबंगला म्हणतात, तेथील शिलालेख, नाणी व पेंढा भरलेले पशुपक्षी इतिहास व विज्ञान या दोन्ही विषयांस उपयोगी पडतात. तेथून जवळच झिरो माईलचा दगडी स्तंभ व त्याशेजारचे चार घोडे आहेत. भारताच्या भूमापनाच्या कामी १९०७ साली ही खूण उभारली गेली. महाराजबागही त्याच परिसरात आहे. दुपारनंतर गांधीसागर तलावाजवळील रमण विज्ञान केंद्र पाहावे. ते १९९२ साली सुरू झाले असून तेथे तारांगणही आहे. सीताबर्डीचा किल्ला, जेथे नोव्हेंबर १८१७ मध्ये आप्पासाहेब भोसल्यांचे सैन्य व इंग्रज यांची लढाई झाली, तो लष्कराच्या ताब्यात असल्यामुळे एरवी बाहेरूनच पाहावा लागतो. अजबबंगला सोमवारी बंद असतो. एवढी एक गोष्ट विसरली, तर साठ मुलांची सहल दारावरूनच परत फिरेल.

वृद्ध मंडळींचा दिवस निराळा असतो. त्यांस पायऱ्या, ऊन आणि गर्दी या तिन्हींचा त्रास होतो. त्यांच्यासाठी दोनच ठिकाणे योजावीत. देवदर्शनाची इच्छा असेल तर कोराडीची जगदंबा सावनेरकडून जाताना वाटेतच लागते, तेव्हा शहरात पुन्हा वेगळे हिंडणे नको. दुसरे ठिकाण आम्ही आवर्जून सुचवितो ते मोतीबागेतील अरुंदमापी रेल्वेचे संग्रहालय. सौंसरवरून छिंदवाड्यास जाणारी छोटी गाडी अवघ्या अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून धावत असे. २०१५ साली ती बंद झाली आणि पुढे तेथे रुंद मार्ग आला. ज्या आजोबा-आजींनी त्या गाडीने माहेर-सासर केले, त्यांस तशी इंजिने येथे पुन्हा पाहावयास मिळतात. आणि बरोबरच्या नातवंडांस पुस्तकाबाहेरचा इतिहास त्यांच्याच तोंडून ऐकावयास मिळतो.

दीक्षाभूमीस जाणाऱ्यांचा एक मोठा वर्ग आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या असंख्य अनुयायांसह तेथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. आजचा भव्य स्तूप २००१ साली लोकांसाठी खुला झाला. विजयादशमीस तेथे लक्षावधी लोक येतात. त्या दिवशी ज्यांस जावयाचे आहे त्यांनी दुसरे कोणतेही काम बरोबर घेऊ नये, लहान मुलांच्या खिशात घरचा पत्ता लिहून ठेवावा आणि चुकामूक झाल्यास कोठे भेटावयाचे ते आधीच ठरवावे. शांतपणे पाहावयाचे असल्यास दुसरा कोणताही साधा दिवस बरा.

सर्वांत अधिक काळजीने आखावयाचा दिवस रुग्णाचा. १९४७ पासून चालत आलेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे लोकांचे ‘मेडिकल’, रेल्वे स्थानकाजवळचे ‘मेयो’ आणि मिहान भागातील ‘एम्स’ ही तीन रुग्णालये एकमेकांपासून बरीच दूर आहेत. चिठ्ठीवर कोणाचे नाव आहे ते निघण्यापूर्वी वाचावे. बाह्यरुग्ण विभागाची नोंदणी सकाळी होते, म्हणून येथे सातला निघून भागत नाही; पहाटेच निघावे लागते. जुने कागद, तपासण्यांचे अहवाल व चालू औषधे एका पिशवीत घ्यावीत. आपण दुसऱ्या राज्याचे रहिवासी असल्यामुळे महाराष्ट्र शासनाने केवळ आपल्या रहिवाशांसाठी काढलेल्या योजना आपणांस लागू होत नाहीत. आयुष्मान भारत योजनेचे कार्ड मात्र राज्याबाहेरही चालते, परंतु ते रुग्णालय त्या योजनेत आहे काय, हे आधी विचारून घ्यावे. रुग्णाबरोबर दोन माणसे असावीत: एक रांगेत उभे राहण्यास व एक रुग्णाजवळ बसण्यास. आणि ‘आलोच आहोत तर’ असे म्हणून त्या दिवसास खरेदी जोडू नये. खरेदीची घाई झाली की डॉक्टरांस विचारावयाचे प्रश्न मनातच राहतात.

संत्र्यांच्या बागाइतदारांस हे सारे सांगावे लागत नाही. कळमन्याच्या बाजाराचे व्यवहार लवकर सुरू होतात, म्हणून त्यांचा दिवस आदल्या रात्रीच उजाडतो. आंबिया बहाराचा माल हिवाळ्याच्या तोंडाशी आणि मृग बहाराचा उन्हाळ्याच्या तोंडाशी निघतो. त्या दिवसांत मालाच्या गाडीबरोबर मुलांस शहर दाखविण्याचा बेत करू नये. दिवसभर जागरणाने थकलेला बाप वाटाड्या होऊ शकत नाही. लग्नाच्या खरेदीस जाणाऱ्यांस इतवारी, गांधीबाग व महाल हे भाग एकमेकांस लागून असल्याने सोयीचे पडतात. तो संपूर्ण दिवस त्या भागासच द्यावा.

सर्वच प्रवाशांनी दोन गोष्टी पाहाव्यात. मे महिन्यात नागपूरचे ऊन पंचेचाळीस अंशांवर जाते, तेव्हा बारा ते चार छपराखालीच राहावे. आणि डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते, तेव्हा विधान भवनाकडील रस्ते मोर्चांमुळे अडतात. अजबबंगला व झिरो माईल त्याच बाजूस आहेत.

राहता राहिले ते मिश्र कुटुंब. आणि बहुतेक कुटुंबे मिश्रच असतात. आजीस देवी, वडिलांस अवजाराचा सुटा भाग, आईस लुगड्यांचे दुकान, मुलास तारांगण. असा दिवस बहुधा ज्याच्या हाती पैसा असतो त्याच्या मनाप्रमाणे ठरतो. आजी म्हणते, “तुम्ही ठरवाल तसे,” आणि आई काहीच म्हणत नाही. मग संध्याकाळी सर्वजण थकून परततात, आणि ज्यांस वर्षातून एकदाच शहर दिसते त्यांचेच मागणे राहून गेलेले असते. यावर उपाय सोपा आहे. आदल्या रात्री जेवणानंतर प्रत्येकास एकच प्रश्न विचारावा: उद्या एकच गोष्ट होणार असेल, तर ती कोणती? प्रथम विचारावे ते आजीस व आईस. चालण्याचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्याचा धरावा. मग आवश्यक वाटल्यास दोन तुकड्या कराव्यात. २०१९ साली सुरू झालेल्या मेट्रोचे दोन मार्ग, खापरीकडे जाणारा दक्षिणोत्तर व लोकमान्यनगरकडे जाणारा पूर्वपश्चिम, सीताबर्डीस मिळतात. तेथे चारला भेटावयाचे ठरवून दोन तुकड्यांनी दोन दिशांस जावे.

शहर काही पळून जात नाही. राहिलेले ठिकाण पुढच्या खेपेस पाहता येते. परंतु आजीची पुढची खेप कधी होईल, हे कोणास सांगता येत नाही. म्हणून यादीतले एखादे ठिकाण गाळावे लागले तर ते आपले गाळावे, तिचे गाळू नये.