पावसातील राहुटी आणि खरी नोंद

सुरतेच्या उत्तरेस, तापीपलीकडे कोसाड नावाचे गाव आहे. ह्या शतकात शहर वाढत वाढत तिथवर पोहोचले आणि गावाभोवती घरकुलांच्या रांगा उभ्या राहिल्या. तरीही लोहमार्गाने सायणच्या दिशेला निघाले की ऊस, भात आणि पाणथळ जागा दिसू लागतात. शिंदीच्या झाडांना सुगरणीची घरटी लोंबत असतात. अशा एखाद्या शेताच्या कडेला, आषाढात, दोन मित्रांनी निसर्गनिरीक्षणासाठी राहुटी ठोकली आहे असे मानू. पाऊस कोसळतो आहे आणि घरची माणसे त्यांना वेड्यांत काढीत आहेत. पण ह्या वेडात पद्धत किती असते, हे समजून घेण्यासारखे आहे.

पहिला प्रश्न असा, की ह्या कामाला पावसाळाच का? सुगरण ह्याच दिवसांत घरटे विणते. गवताची आणि भाताची पाती आता लांब व चिवट झालेली असतात. पिलांना भरविण्यासाठी किडेही विपुल असतात. उन्हाळ्यात येणाऱ्याला रिकामे घरटे दिसेल. घरट्यामागचा संसार दिसणार नाही. जीव आणि त्याचा परिसर ह्यांचे नाते जाणावयाचे, तर ते नाते ज्या ऋतूत चालते त्या ऋतूत तिथे हजर असले पाहिजे.

राहुटीचेही काही नियम आहेत. ती उंचवट्यावर असावी. ओढ्याच्या पात्रात किंवा एकट्या उंच झाडाखाली कधीही नसावी. वरच्या अंगाला झालेला पाऊस खाली केव्हा पोहोचेल, हे तंबूतल्या माणसाला कळत नाही. उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने ऑगस्ट 2006 मध्ये सुरतेची काय दैना केली, हे तापीकाठच्या माणसाला सांगावयास नको. राहुटीभोवती चर खणावा, वही मेणकापडात गुंडाळावी आणि लिहिण्यास शिसपेन्सिल घ्यावी. शाई पाण्याने फुटते. शिसपेन्सिलीतले ग्रॅफाइट पाण्यात विरघळत नाही. सरळ बाजूंची एक बरणी उघड्यावर ठेवली आणि पट्टीने पाणी मोजले, की रोजच्या पावसाचा अंदाज मिळतो.

दुसरा मित्र केवळ सोबतीला नसतो. एकाने दुर्बिणीवरून डोळा काढू नये आणि दुसऱ्याने घड्याळ पाहून लिहावे. प्रत्येक घरट्याला क्रमांक द्यावा. कोणत्या घरट्यावर किती वाजता कोण आले, काय केले, हे तेवढेच टिपावे. दोघांचे एकमत झाले नाही, तर तसेच लिहावे. जे दिसले नाही, तेही लिहावे. भिजलेल्या, कंटाळलेल्या माणसाला एखादी नोंद अंदाजाने भरून टाकण्याचा मोह होतो. शेजारी मित्र असला की तो मोह आवरतो.

ह्या चिकाटीचे फळ काय, ते कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील, किहीमने दाखविले. सलीम अली 1930 साली जर्मनीहून परतले, तो मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातील त्यांची जागा पैशाअभावी रद्द झालेली. नोकरी नाही, म्हणून ते किहीमला राहावयास गेले. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. त्या पावसाळ्यात त्यांनी ती दिवसेंदिवस पाहिली. अर्धवट सोडलेली घरटी नर आपल्या विसाव्यासाठी बांधतो, असा तोवर समज होता. अलींना निराळेच दिसले. नर घरटे अर्ध्यावर आणतो. मादी येऊन ते पारखते. तिला पसंत पडले तरच ती तिथे संसार मांडते. मग नर खाली लोंबणारी नळी पूर्ण करतो आणि लगेच दुसऱ्या घरट्याला, दुसऱ्या मादीसाठी, हात घालतो. नापसंत घरटी तशीच लोंबत राहतात. हा अभ्यास 1931 साली मुंबईच्या निसर्गेतिहास संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

आता ह्याच्या उलट उदाहरण पाहू. तेही तापीकाठचेच आहे. रानपिंगळा हे छोटे घुबड ह्यूमने 1873 मध्ये शास्त्रीय जगाला परिचित करून दिले. खानदेशात डेव्हिडसनने 1884 पर्यंत त्याचे काही नमुने मिळविले. पुढे रिचर्ड माइनर्ट्झहागन ह्या इंग्रज पक्षिसंग्राहकाने आपल्या संग्रहात एक नमुना दाखविला व 1914 मध्ये सुरत जिल्ह्यातील मांडवी येथे तो मिळाल्याची चिठ्ठी त्याला जोडली. हा गृहस्थ 1937 साली अफगाणिस्तानच्या मोहिमेत सलीम अलींचा सहप्रवासी होता. एका मुक्कामावर राहून त्याने रोजनिशीत अलींविषयी कडवट मजकूर लिहिला. अलींनी 1985 च्या आत्मचरित्रात तो मोकळेपणाने छापला.

मांडवीची चिठ्ठी मात्र खोटी होती. पामेला रासमुसेन ह्यांनी तो नमुना बारकाईने तपासला, तेव्हा तो डेव्हिडसनचाच जुना नमुना, चोरून व पुन्हा भरून नवा भासविलेला, असे आढळले. ती नोंद बाजूस सारून रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट जुन्या, खऱ्या ठिकाणांकडे वळले, आणि 25 नोव्हेंबर 1997 रोजी शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत दिसला. ज्या पक्ष्याची विश्वसनीय नोंद 113 वर्षे नव्हती, तो तापीच्याच खोऱ्यात नांदत होता! पुढे तो मेळघाटात आणि तानसाच्या रानातही आढळला.

ज्या पक्ष्याचे ठिकाण कळत नाही, त्याचे रान कोणी राखणार नाही. एका चिठ्ठीने शोधणाऱ्यांना चुकीच्या गावी धाडले, तेवढ्या काळात कुऱ्हाड कुठे कुठे चालली असेल, हे आता मोजता यावयाचे नाही. म्हणूनच कोसाडच्या पावसात चिंब होऊन लिहिलेली साधी ओळही मोलाची. ‘घरटे क्रमांक 7, सकाळी 8 वाजून 10 मिनिटे, मादी आली, आत गेली नाही.’ आणखी काही वर्षांनी त्या शिंदीच्या जागी इमारत उभी राहील. त्या ठिकाणी एके काळी सुगरणी राहत होत्या, हे सांगावयास तेव्हा ही वहीच काय ती उरेल, आणि ती खरी असावी लागेल.