जागा मोकळी करा, पण पुसण्याआधी पाहा

लॅपटॉपच्या पडद्यावर ‘लो डिस्क स्पेस’ ही सूचना झळकली, की अनेक जण समोर दिसेल ती फाइल डिलीट करत सुटतात. ही घाई महागात पडू शकते. कारण आजच्या लॅपटॉपमधून गेलेली फाइल परत मिळवणे पूर्वीपेक्षा बरेच अवघड झाले आहे.

जुन्या हार्ड डिस्कवर फाइल डिलीट केली, की यादीतली तिची नोंद तेवढी निघत असे. अनुक्रमणिकेतून प्रकरणाचे नाव खोडले, तरी पुस्तकातली पाने जागेवरच राहावीत, तसा हा प्रकार. त्या जागी नवे काही लिहिले जाईपर्यंत जाणकाराला फाइल परत मिळवता येई. आता बहुतेक लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्कऐवजी एसएसडी असते. तिच्या चिपवर माहिती लहान ‘पानां’मध्ये लिहिली जाते, पण पुसताना अनेक पानांचा अख्खा ‘ब्लॉक’ पुसावा लागतो. म्हणून रिसायकल बिन रिकामी केल्यावर विंडोज ‘ट्रिम’ या आज्ञेने कोणती पाने नकोशी झाली ते एसएसडीला कळवते आणि एसएसडी सवडीने ती साफ करते. त्यानंतर फाइल परत मिळण्याची आशा जवळपास उरत नाही.

तरीही जागा मोकळी ठेवावीच लागते. एसएसडी काठोकाठ भरली, की साफ ब्लॉक हाताशी राहत नाहीत आणि लिहिण्याचा वेग मंदावतो. विंडोजचे अपडेटही अडकू शकतात आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यातूनच येतात.

सुरुवात पाहण्यापासून करावी. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज या क्रमाने गेल्यास कशाने किती जागा व्यापली आहे ते दिसते. (२५६ जीबीची डिस्क तिथे सुमारे २३८ जीबी दिसते. ही फसवणूक नव्हे. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.)

आधी जे पुन्हा मिळू शकते ते काढावे. ‘टेम्पररी फाइल्स’मध्ये तात्पुरत्या फाइल, अपडेटचे अवशेष आणि रिसायकल बिन असते. बिनमधल्या फाइलही जागा अडवतात, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. मात्र याच यादीत ‘डाउनलोड्स’ही असते. तिथे खूण करण्याआधी तो फोल्डर उघडून पाहावा. मार्कशीट, विम्याची पावती, तपासणीचे रिपोर्ट बहुधा तिथेच पडलेले असतात. विंडोजची नवी आवृत्ती घेतल्यावर राहिलेली जुनी प्रत अनेक जीबींची असते. ती साधारण १० दिवसांनी आपोआप जाते. आधीच काढली, तर जुन्या आवृत्तीकडे परतता येत नाही. न लागणारे प्रोग्रॅम ‘इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स’मधूनच काढावेत. ‘विंडोज’ किंवा ‘प्रोग्रॅम फाइल्स’ फोल्डरमधल्या फाइल हाताने पुसू नयेत.

पुढचा सापळा क्लाउडचा. वनड्राइव्हशी जोडलेल्या फोल्डरमधून फोटो डिलीट केला, तर तो क्लाउडवरूनही जातो आणि त्या खात्याला जोडलेल्या इतर संगणकांवरूनही. लॅपटॉपपुरती जागा हवी असेल, तर फाइलवर राइट क्लिक करून ‘फ्री अप स्पेस’ निवडावे. मग फाइल क्लाउडवर राहते आणि उघडताना पुन्हा उतरते. अर्थात तेव्हा इंटरनेट हवे. चुकून डिलीट झालीच, तर वैयक्तिक खात्याच्या वनड्राइव्हमधील रिसायकल बिनमध्ये ती ३० दिवसांपर्यंत सापडू शकते.

राहिले मोठे फोटो आणि व्हिडिओ. ते बाहेरच्या डिस्कवर ‘कट-पेस्ट’ करण्याऐवजी कॉपी करावेत, तिथून पाच-दहा फाइल उघडून पाहाव्यात आणि मगच लॅपटॉपवरच्या पुसाव्यात. पण आता सगळे त्या एकाच डिस्कवर आहे. ती हातातून पडली किंवा बिघडली, तर मुलांचे लहानपणचे फोटो तिच्यासोबत जातील. म्हणून लॅपटॉपवरची प्रत पुसण्याआधी दुसऱ्या डिस्कवर किंवा क्लाउडवर आणखी एक प्रत ठेवावी. यात एखादी संध्याकाळ जाईल. गेलेले फोटो मात्र पैसे मोजूनही परत येतीलच असे नाही.