अल्सरेटिव्ह कोलायटिसवरील शस्त्रक्रिया : स्वरूप, टप्पे आणि सामाजिक बाजू

प्रस्तावना :
अल्सरेटिव्ह कोलायटिस हा मोठ्या आतड्याच्या आतील अस्तराला दीर्घकाळ दाह व व्रण उत्पन्न करणारा विकार होय. शौचावाटे रक्त व आव पडणे ही त्याची प्रमुख लक्षणे असल्याने तो पुष्कळदा मूळव्याध किंवा अमीबाजन्य आव समजला जातो व निदान लांबते. अनेकांमध्ये हा विकार महाविद्यालयीन वयात, म्हणजे पंधरा ते तीस वर्षांच्या दरम्यान सुरू होतो. म्हणून त्याचा परिचय अध्यापकवर्गालाही असणे आवश्यक आहे.

शस्त्रक्रियेची आवश्यकता :
बहुतांश रुग्णांना औषधे पुरेशी ठरतात. मात्र शिरेवाटे स्टिरॉइड देऊनही तीव्र झटका आटोक्यात न येणे, आतडे फुगणे वा फुटणे, अतिरक्तस्राव, तसेच कर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था आढळणे या परिस्थितीत शस्त्रक्रिया करावी लागते. तीव्र झटक्यात होणारा विलंब प्राणघातक ठरू शकतो.

विकास व टप्पे :
पूर्वी लहान आतड्याचे टोक पोटावर त्वचेच्या पातळीतच उघडले जाई. दाहक पाचकरसांमुळे त्वचा सोलवटून निघे. १९५२ मध्ये बर्मिंगहॅमचे ब्रायन ब्रुक यांनी ते टोक उलटे दुमडून बाहेर काढण्याची पद्धत सांगितली व पिशवी लावणे सुकर झाले. १९७८ मध्ये लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील ॲलन पार्क्स व जॉन निकोल्स यांनी मोठे आतडे व गुदाशय काढून लहान आतड्याचीच थैली गुदद्वाराशी जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे जपानचे उत्सुनोमिया यांनी सुचविलेली इंग्रजी ‘जे’ अक्षराच्या आकाराची थैली रूढ झाली. ही शस्त्रक्रिया सहसा दोन वा तीन टप्प्यांत होते. जोड भरून येईपर्यंत पोटावर तात्पुरते मलद्वार ठेवतात व काही महिन्यांनी ते बंद करतात.

फलश्रुती व मर्यादा :
रोग मोठ्या आतड्यापुरता मर्यादित असल्याने ते काढल्यावर आतड्याचा विकार संपतो. क्रोन्स रोगात असे घडत नाही. तथापि थैलीनंतरही दिवसातून चार ते आठ वेळा शौचास जावे लागते, थैलीला दाह होऊ शकतो आणि स्त्रियांमध्ये गर्भधारणेची शक्यता घटू शकते. हे सर्व रुग्णास आधी सांगणे हे वैद्यकाचे कर्तव्य ठरते.

सामाजिक बाजू :
राज्यातील आरोग्यशिक्षणाचे केंद्र असलेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये नाशिक येथे स्थापन झाले. परंतु याच जिल्ह्यातील पेठ वा सुरगाण्यासारख्या दुर्गम तालुक्यातील रुग्णाच्या दृष्टीने स्वच्छ पाणी, आडोसा व पिशव्यांचा नियमित पुरवठा या गोष्टी शस्त्रक्रियेइतक्याच महत्त्वाच्या आहेत. वर्गातून वारंवार उठणारा विद्यार्थी बेशिस्त असेलच असे नाही. जवळचे प्रसाधनगृह, परीक्षेत सवलत आणि गोपनीयता एवढे साहाय्य महाविद्यालय सहज करू शकते.

निष्कर्ष :
सारांश, ही शस्त्रक्रिया म्हणजे उपचारांचे अपयश नव्हे. योग्य वेळी केल्यास ती जीव वाचवते व शिक्षण पुन्हा सुरू करण्याची संधी देते. पोटावरील पिशवीविषयीचा संकोच दूर करणे हे मात्र समाजाचे काम आहे.