जोड पक्का तर गाडी पक्की



गेल्या पावसाळ्यात आमच्या गटाचा जुना टेम्पो बाजारातून परत येत होता. अंधार पडला होता, हेडलाइट चालू होते आणि डॅशबोर्डखालून जळका वास यायला लागला. चालवणाऱ्या ताईंनी गाडी बाजूला घेतली, बॅटरीची वायर सोडवली, म्हणून निभावलं. झाकण उघडून बघितलं तर हेडलाइटची वायर मध्येच पिळून जोडलेली, वर चिकटपट्टी. जोड जळून काळा पडलेला, पण फ्यूज मात्र शाबूत!

फ्यूज उडाला कसा नाही, असं सगळ्या विचारायला लागल्या. तर फ्यूज उडतो तो करंट जास्त झाला की. सैल जोडात करंट वाढत नाही. तिथे करंटला अडथळा होतो आणि ती जागा तापते. म्हणजे फ्यूज वायरला वाचवतो, सैल जोडाला नाही. जोड आपणच नीट करून घ्यायचा असतो.

म्हणून वायरिंग बदलताना आम्ही आधी हत्यारं बघितली. पहिलं वायर सोलायचं स्ट्रिपर. ब्लेडने किंवा दाताने सोललं की आतल्या चार-दोन तारा तुटतात आणि वायर तिथे बारीक होते. दुसरं क्रिंपिंग टूल, म्हणजे वायरवर थिंबल दाबून बसवायचं हत्यार. साध्या पकडीने थिंबल चपटं होतं, पण धरत नाही. रॅचेटचं टूल पूर्ण दाब बसल्याशिवाय उघडतच नाही, तेच घ्या. तिसरं मल्टीमीटर; तो नसेल तर निदान टेस्ट लॅम्प.

आता थिंबल. त्यांच्या प्लॅस्टिकचा रंग बघा. लाल ०.५ ते १.५ चौरस मिलिमीटर वायरला, निळं १.५ ते २.५ ला आणि पिवळं ४ ते ६ ला. बारीक वायरला मोठं थिंबल लावलं तर ते हमखास निसटतं. दाबून झालं की प्रत्येक जोड हाताने ओढून बघायचा. सुटला तर तो इथेच सुटलेला बरा, घाटात नको.

वायर बऱ्याच बारीक तारांची, तांब्याची हवी. घरातली एका जाड तारेची वायर गाडीच्या हादऱ्यांनी तुटते. नुसत्या डागाचंही तसंच. डाग जिथे संपतो तिथे वायर ताठ होते आणि हादऱ्याने मोडते.

थोडा हिशेब करू. ६० वॅटचे दोन दिवे म्हणजे १२० वॅट. त्याला बॅटरीच्या १२ व्होल्टने भागलं की १० अँपिअर. यासाठी आम्ही २.५ चौरस मिलिमीटरची वायर आणि १५ अँपिअरचा निळा फ्यूज घेतला. फ्यूज बॅटरीच्या जवळ बसवला, कारण फ्यूजच्या अलीकडच्या वायरला संरक्षण नसतं. फ्यूज उडाला तर कारण शोधा. त्याच्या जागी मोठा फ्यूज किंवा तार कधीही घालू नका.

बंपरजवळ, चाकाजवळ पाणी उडतं. तिथे रबरी सील असलेले कपलर घ्या. पत्र्यातून वायर जाते त्या भोकात रबरी वॉशर हवाच, नाहीतर पत्र्याची धार वायर कापते. बॉडीला अर्थ जोडताना खालचा रंग आणि गंज खरवडून काढा. दिवा मंद असला की पुष्कळदा दोष तिथेच निघतो.

आणि काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सर्वांत आधी काढायची, शेवटी जोडायची.

हे सगळं आपल्याच हाताने करा असं मी म्हणत नाही. इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, पण शेजारी उभ्या राहा आणि विचारा, “भाऊ, हा जोड दाबलाय की पिळलाय?” टेम्पो गटाचा आहे, आत बसणारी बाई आपली आहे. विचारायला लाजू नका.